रेफरन्स

आठ वाजून दोन मिनिटांनी पहिला फोन.
सुधन्वा रेडकर बोलताय का?
नाही, मी मोरेश्वर चुरी.
मग त्यांना द्या.
इथे असता तर दिला असता, ताई.
अकरा वर्षं झाली, हा माणूस मला दिसलेला नाही.
तरी रेफरन्समध्ये तुमचाच नंबर आहे, सर.

हे मात्र खरं असणार.
प्रभादेवीची बाइंडिंगची फॅक्टरी,
तो कटिंगवर, मी शिवणीला,
जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मॉलमध्ये
फुकटचा गारवा खायला गेलेलो.
टाय लावलेला पोरगा स्टॉलमागून म्हणाला,
काका, कार्ड लाइफटाइम फ्री, वर ही बॅग.
सुधन्वाला बॅग हवी होती.
फॉर्मवर ओळखीच्या माणसाचा रकाना आला
तेव्हा त्याने पेन न उचलता माझे दहा आकडे लिहिले.
अरे, बायकोचा दे की.
तो कुठे पाठ आहे, म्हणाला.

बॅगेची चेन आठवड्यात गेली.
वर्षभरात फॅक्टरी.
मी भांडुपला चष्म्यांचं दुकान टाकलं,
तो कुठे गेला ते मला
बँकेकडूनच कळायचं होतं, तुकड्यातुकड्याने.

फ्री म्हणजे पहिलं वर्ष फ्री.
दुसऱ्या वर्षी चारशे नव्याण्णव,
त्यावर कर, ते थकले म्हणून दंड,
दंडावर व्याज, व्याजावर परत कर.
चार वर्षं नुसतं 'किमान देय' भरत होता,
म्हणजे चाळीतल्या गळक्या पिंपात
रोज एक तांब्या.
आता आकडा एक लाख बारा हजारांवर आहे.

एक जण फारच तोंडाळ होता.
हॉस्पिटलात सतरा हजार स्वाइप करताना
लाज नाही वाटली तुमच्या दोस्ताला?
मी विचारलं, कोणाला काय झालं होतं?
त्याने फोन कापला.
त्या रात्री मला झोप नाही.
सतरा हजारांत काय होतं?
हात मोडला तर होतं. बाळंतपण होतं.
मोठं काही असेल, तर नुसता ॲडव्हान्स.

मग एकदा दोघे दुकानातच आले.
हेल्मेटं काउंटरवर, भिंगांच्या ट्रेला खेटून.
तक्त्याची शेवटची ओळ वाचत बसलेल्या
वेंगुर्लेकर बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,
चोराचा साथीदार चष्मे विकतोय.
बाई थांबल्या.
मग म्हणाल्या, हे अक्षर 'घ' की 'ध' हो?
मला नीट दिसत नाही.

बँकेला तक्रार लिहिली. उत्तर आलं,
प्रिय श्री. सुधन्वा रेडकर,
आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
तक्रार निकाली.
वर लोकपालाकडे गेलो, तर तिथेही फॉर्म.
खातेदाराशी नातं काय?
पती, पत्नी, वारस, वकील, इतर.
बराच वेळ बोट स्क्रीनवर धरून बसलो.
इतर.

आज नवी मुलगी आहे,
नाव वाचताना अडखळते : सुधा… सुधन…
सुधन्वा, मी सांगतो. अर्धा ध, मग न्वा.
आवाज बसलाय तिचा,
माझ्यासारखे किती जण झाले असतील सकाळपासून.
त्याचा नवा पत्ता लागला का हो तुम्हाला?
ती माहिती गोपनीय असते, सर.
मला हसू येतं, तिलाही येत असावं.

एक करा. सापडला,
तर दम द्यायच्या आधी निरोप द्या त्याला :
चुरीचा नंबर तोच आहे.
निरोपाला रकाना नाहीये, सर.
मग शेऱ्यात लिहा.

तिने लिहिलं बहुतेक,
कारण फोन ठेवायच्या आधी
खालच्या आवाजात विचारलं तिने,
तोच म्हणजे, हाच ना सर?

हाच.